ज्याचा बूट, त्याचा शब्द

४ जून

चि. भोवऱ्यास,

ताईचे अ. उ. आ. आणि वर एक धपाटा. मागच्या दोन्ही पत्रांची उत्तरं तू गिळून बसला आहेस. फोन शेजारच्या वकीलकाकांकडे आहे, आणि घरातलं दुखणं त्यांच्या बैठकीत उभं राहून सांगायचं म्हणजे गल्लीभर दवंडी पिटण्यासारखंच. तेव्हा पत्रच लिहिते. या वेळी बातमी अशी आहे की तुला उत्तर द्यावंच लागेल.

अप्पा बोलले.

एवढ्यात हुरळून जाऊ नकोस. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांची उजवी बाजू अजून तशीच लुळी आहे आणि वाचा गेली ती गेलीच. पाणी हवं असलं तरी नुसता घशातून आवाज निघतो, आणि आपल्याला कळलं नाही की ते डोळे मिटून घेतात. वर्गात ज्यांचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जायचा, त्यांचं हे असं बघवत नाही रे. म्हणून तर हॉस्पिटलच्या क्वार्टरमधून बाडबिस्तरा हलवून मी घरी राहायला आले. सकाळी लॅबमध्ये काचपट्ट्या बघायच्या आणि संध्याकाळी अप्पांचा चेहरा. काचपट्टी वाचणं सोपं असतं.

तर रविवारी ड्यूटीचे बूट पॉलिश करायला मी त्यांच्याच खोलीच्या उंबऱ्यावर बसले. डबी उघडली, वास सुटला आणि पलंगावरून त्यांचा डावा हात पुढे आला. मला वाटलं डबी हवी असेल. हवा होता बूट. तो त्यांनी पूर्वीसारखा टाचेकडून धरून वर उचलला आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाले, फंगस. माझ्या हातातला ब्रश गळून पडला, पण तोंडातून, मला न विचारता, फंगाय निघून गेलं. मग रेडियस. मग न्यूक्लियस. माझे सगळे शब्द ओळीने आले. आई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली.

बोलणं शिकवायला एक बाई येतात, त्यांना मी आपल्या घरची रीत समजावून सांगितली. दर रविवारी अप्पा सगळ्यांचे बूट पॉलिश करत. एक बूट हातात धरून लॅटिनमधून इंग्रजीत आलेला एखादा शब्द एकवचनात म्हणत. ज्याचा बूट, त्याने त्याचं अनेकवचन म्हणायचं, मगच दुसरा बूट आणि जोडी ताब्यात. माझ्याकडे फंगस-फंगायसारखे गुळगुळीत शब्द, तुझ्याकडे इंडेक्स-इंडिसीज, ॲक्सिस-ॲक्सीज असले आडदांड. भोवऱ्याला आस हवाच, म्हणून ॲक्सिस तुझा, असं ते सांगत. दुसऱ्याच्या बुटाचा शब्द कुणी उचलायचा नाही. चुकलं तर बूट डोक्यावर आणि वर सणसणीत 'गाढवा', मग बरोबर रूप. तू तर मुद्दामच चुकायचास.

बाई हसल्या. मग म्हणाल्या की घोकून पाठ झालेलं मेंदूत वेगळ्या कप्प्यात राहतं, म्हणून ते निघतं. पण ते बोलणं नव्हे. कुणाला तरी उद्देशून, मनातून आलेला एक शब्द निघाला, तर वाट उघडेल.

आई बरी आहे. तुझी आठवण काढते, पण कबूल करत नाही. आता तरी चार ओळी खरड. लोभ आटला असेल तर तसंही कळव.

तुझी ताई


१३ जून

ती. ताईस,

भोवऱ्याचा सा. न. वि. वि. धपाटा पोचला, पाठ अजून हुळहुळते आहे.

अप्पांचा आवाज परत आला हे वाचून पत्र खिशात ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा वाचलं. आनंद झाला, हे सरळच लिहितो. पण इतक्या महिन्यांनी माणसाने तोंड उघडावं आणि पहिला शब्द काय, तर बुरशी! पाणी नाही, आईला हाक नाही. मास्तर तो मास्तरच.

माझं इथे ठीक चाललं आहे. पंपांचे दांडे लेथवर कातून द्यायचे, हेच काम. दांडा आपल्या आसाभोवती केसभर जरी थरथरला तरी आमचा तपासनीस म्हातारा तो परत पाठवतो. म्हणजे एका अप्पांपासून पळालो तो दुसऱ्या अप्पांच्या तावडीत सापडलो. फरक एवढाच की आमच्या वर्कशॉपमध्ये सगळे 'ॲक्सिसेस' म्हणतात, साहेबसुद्धा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आपोआप मान खाली घालून डोक्यावर बूट पडायची वाट पाहिली. पडला नाही. आणि त्या चुकीपायी आजवर एकही यंत्र बंद पडलेलं नाही.

अप्पा काय म्हणायचे आठवतं? परक्या भाषेतून आलेला शब्द सासरी आलेल्या मुलीसारखा असतो, त्याचं माहेरचं काहीतरी त्याच्याकडे राहू द्यावं, लगेच आपला 'एस' चिकटवून त्याला घरचा करायला जाऊ नये. शब्दांच्या बाबतीत माणूस इतका उदार. पोराने इंग्रजीची परीक्षा अर्ध्यावर टाकून कारखाना धरला, तिथे मात्र त्याला यांचंच रूप लागायला हवं होतं.

जाऊ दे. जुनी भांडी वाजवून काय होणार. एक सहज विचारतो. माझे शब्द आले का?

आईला नमस्कार सांग. तिने कबूल केलं नाही तरी चालेल. माझ्यावरचा राग आणि लोभ दोन्ही पूर्वीइतकेच ठेव, कमीजास्त झालं तर चुकल्यासारखं वाटतं.

भोवरा


२६ जून

चि. भोवऱ्यास,

अ. उ. आ. आज थट्टा करायचं बळ नाही.

तुझ्या 'सहज'ला मी चांगली ओळखते. हो, आले. माझे शब्द संपले की अप्पा उंबऱ्याच्या डाव्या टोकाकडे, जिथे तू बसायचास तिकडे बघायचे, ॲक्सिस म्हणायचे आणि थांबायचे. बराच वेळ थांबायचे. बाईंचं म्हणणं असं की माळ तुटू देऊ नका, जितकी लांब चालेल तितकं चांगलं, कुणीतरी उत्तर द्या. म्हणून गेल्या रविवारी मी उत्तर दिलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या खिशात हात घातला होता. पुन्हा ॲक्सिस म्हणाले, मोठ्याने. मीही पुन्हा उत्तर दिलं, जरा जास्तच उत्साहाने. तेव्हा त्यांनी बूट भिरकावला. तो पाण्याच्या तांब्यावर बसला, पाणी अंथरुणभर झालं, आणि ते भिंतीकडे तोंड करून पडले.

तेव्हापासून शब्द नाही, आणि जेवणही नाही. चमचा ओठांशी नेला की दात घट्ट. पेजेचे चार थेंब आईच्या हातून कसेबसे जातात. डॉक्टरांनी मला जिन्यात नेऊन सांगितलं की असंच चाललं तर शरीर साथ देणार नाही, आणि दुसरा झटका आला तर तो शेवटचाच समजा.

मला वाटतं, चूक माझीच. ज्याने गावभरच्या पोरांना शिकवलं, त्याच्याकडून मी बाळाचा पाठ वदवून घेत होते. अपमान वाटला असेल. डबी मी वरच्या फळीवर टाकली आहे. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

तू ये. त्यांनी तुला या घरात पाऊल टाकू नकोस म्हटलं होतं, ते मी विसरले नाही. पण तेव्हा त्यांना बोलता येत होतं. लोभ आहे की नाही, हे आता पत्रातून विचारत नाही.

ताई


५ जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र जेवणाच्या सुट्टीत मिळालं. डबा तसाच राहिला.

ताई, तू माझा बूट उचललास. नियम तूच बाईंना शिकवलास आणि तूच मोडलास. अपमान वगैरे काही नाही. डबी खाली काढ, तुझे शब्द म्हण, आणि ॲक्सिस आला की गप्प बस. जीभ चावावी लागली तर चाव. त्यांना थांबायचंय तितकं थांबू दे. मग बघ जेवतात की नाही.

पण यावरून मला बोलावणं आलंय असं समजू नकोस. त्यांना माझी जागा रिकामी हवी आहे. त्या जागेवर मी हवा आहे, असं कुठे म्हणालेत? निघालो त्या दिवशी दारात काय म्हणाले ते तू ऐकलं नाहीस. म्हणाले, चूक केलीस तर सुधारीन. पण चुकीतच राहायचं ठरवलं असशील तर या घरात पाऊल टाकू नकोस. मी अजून त्याच चुकीत राहतो, ताई, आणि मला ती आवडते. माझ्या नखांतलं काळं आता निघत नाही. अंगाला तेलाचा वास येतो. असा मी समोर गेलो आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, तर मी काय करू? पूर्वी निदान भांडता यायचं. आता ते बोलू शकत नाहीत, म्हणजे मलाही बोलता येणार नाही.

भीती वाटते, एवढंच खरं. तुझ्यापासून काय लपवायचं. त्यांना जपा. मला जमलं तर समजून घे, नाही जमलं तर नंतर घे.

भोवरा


१३ जुलै

चि. भोवरा यास आईचे आशीर्वाद.

मला पत्राची सवय नाही. अक्षर लावून घे.

तू सांगितलंस तसं ताईने केलं. ती गप्प राहिली तसे हे जेवले. थोडं का होईना, पोटात गेलं. पण ॲक्सिस म्हणून थांबतात ते थांबतातच. उंबऱ्याच्या त्या टोकाकडे नजर लावून बसतात आणि मग दमून झोपतात. मला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही. माझ्या चपलांना पॉलिश लागत नव्हतं, म्हणून मला कधी शब्द मिळाला नाही. पण मला कान आहेत. कुणाचा शब्द पडला ते मला सुरावरून कळतं.

आता एक ऐक. तू घर सोडलंस ते पायात चपला घालून. तुझे काळे बूट पलंगाखालीच राहिले. ते बूट तुझ्या वडिलांनी दर रविवारी पॉलिश केले. ताई तिकडे क्वार्टरमध्ये, तिने बघितलं नाही. मी बघत होते. तोंडाने एक शब्द नाही, मुकाट्याने करायचे आणि जागच्या जागी ठेवायचे. एकदा मी म्हटलं, घालणारा नाही तर कशाला घासता. तर म्हणाले, कातडं आहे, नुसतं ठेवलं तर तडकेल. झटका आला तोही रविवारच होता. तुझा बूट मीच त्यांच्या मुठीतून सोडवला. त्यांना तूच हवास की तुझी रिकामी जागा, ते आता तू ठरव.

डॉक्टर ताईला बाजूला नेऊन सांगतात, म्हणजे मला काय ते कळलंच. तुम्हा दोघांचं सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. तेव्हा माफी मागायला येऊ नकोस आणि द्यायलाही नको. नुसता ये. नंतर आलास तर तो माझ्यासाठी येशील, त्यांच्यासाठी नाही.

तेलाच्या वासाचं ताईने वाचून दाखवलं. मी काय फुलांच्या बाजारात संसार केला? ये तसाच.

आई


३० जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तू ड्यूटीवरून येईपर्यंत माझी गाडी सुटायची वेळ झाली, आणि दारात तू हुकूम सोडलास की काय घडलं ते सगळं लिहून पाठव. आईने तिच्या पद्धतीने सांगितलं असेलच. आता माझ्या पद्धतीने वाच.

मी कारखान्याचेच बूट घालून आलो होतो. चांगला जोड होता, पण आईचं पत्र वाचल्यावर तो घालवेना. खोलीत गेलो तेव्हा अप्पा जागे होते. किती लहान झालेत, हे तू लिहायला हवं होतंस. माझ्याकडे बघत राहिले. ओळखलं की नाही, रागावले की नाही, काही कळेना. मी उंबऱ्याच्या डाव्या टोकाला जाऊन बसलो. आईने डबी आणि ब्रश माझ्यापुढे ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

पायातला एक बूट काढून त्यांच्या डाव्या हातात दिला. कारखान्याच्या बुटाच्या टोकात लोखंड असतं, त्यामुळे हात एकदम खाली गेला. पण त्यांनी तो सोडला नाही. हळूहळू वर उचलला. कातड्यात मुरलेलं तेल, लोखंडाच्या किसाने पडलेले ओरखडे, सगळं निरखून पाहिलं. नाकाशी नेला. मला वाटलं, आता भिरकावणार. मी मनाची तयारीही केली. तेवढ्यात म्हणाले, ॲक्सिस.

मी उत्तर दिलं, ॲक्सीज. अगदी स्वच्छ. सगळ्या प्रवासात तेच घोकत आलो होतो, शेजारचा माणूस माझ्याकडे बघायला लागला होता. अप्पांनी मान हलवली. नाही. पुन्हा म्हणाले, ॲक्सिस. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून मोठ्याने तेच सांगितलं. पुन्हा नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ताई, जन्मात एकदा मी त्यांना बरोबर उत्तर दिलं आणि ते त्यांना पटेना. मला तिथून उठून पळावंसं वाटलं.

तेव्हा आई आतून, तोंडही न दाखवता म्हणाली की अरे, तू असं कधी म्हणत होतास? तुझं म्हण.

माझं म्हणजे काय, हे कळायला मला एक क्षण लागला. मग म्हटलं, ॲक्सिसेस. शॉपमध्ये म्हणतो तसंच, ठसक्यात.

त्यांच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. इतकी वर्षं झाली तरी ते हसू मी ओळखलं. आणि त्यांनी मला 'गाढवा' म्हटलं. पुटपुटले नाहीत, भरल्या वर्गात म्हणायचे तसं म्हणाले. मग बूट माझ्या डोक्यावर ठेवायला गेले. हात पोचेना. मी उठून पलंगाशी गेलो आणि डोकं खाली नेलं. त्यांनी बूट ठेवला आणि ठेवूनच राहिले. वजन बरंच होतं. मी रडलो, ते काही लपवत नाही. आईही आत भांडी विनाकारण वाजवत होती.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. 'गाढवा'नंतर ते नेहमी बरोबर रूप सांगायचे. मी वाट पाहिली. या वेळी त्यांनी दुरुस्त केलं नाही. बूट खाली घेतला आणि माझ्या हातात दिला.

पुढची सुट्टी मिळेल त्या रविवारी येतो. तोवर माझे शब्द सांभाळ, पण म्हणू नकोस. लोभ काय, तो आता मागावा लागणार नाही असं दिसतं.

भोवरा


१२ ऑगस्ट

चि. भोवऱ्यास,

अ. उ. आ. तू मोठा पराक्रम करून गेलास. आता या घरात सगळेच गाढव आहेत.

पाणी हवं असलं की 'गाढवा'. उशी सरकवायची असली की 'गाढवा'. हा शब्द मेंदूच्या कुठल्या कप्प्यातून येतो ते बघायला बाईंनी त्यांना एक-दोन-तीन म्हणायला सांगितलं, तर बाईंनाही 'गाढवा'. बाई इतक्या खूश झाल्या की मला त्यांचं आश्चर्यच वाटलं. म्हणाल्या, हा घोकलेला शब्द नव्हे, हा माणसाकडे बघून म्हटलेला आहे. आई तर सुरावरून ओळखते, पाण्याचा गाढवा कुठला आणि दुखण्याचा कुठला. परवा त्याच्या मागोमाग 'पाणी'ही आलं. अस्पष्ट, पण पाणीच.

आमच्या लॅबमधले डॉक्टर बॅक्टेरियाचं बॅक्टेरियाज करतात, आणि मी इतकी वर्षं दात-ओठ खात ऐकते. काल ऐकलं आणि हसू आलं.

पण तुला फसवत नाही. पायांवर सूज चढते आहे आणि श्वास जड झाला आहे. डॉक्टर आता जिन्यात नेत नाहीत, आईसमोरच सांगतात. रविवारची वाट बघू नकोस, रजा काढून ये. बाकी लोभ, राग, धपाटे सगळं इथे आल्यावर.

ताई


२२ सप्टेंबर

चि. गाढवास आईचे आशीर्वाद.

तू कामावर परत गेलास, ते बरंच केलंस. घरी बसून दुःख कमी होत नाही. तुझे वडील गेले तेव्हा तू उशाशी होतास, त्यांचा हात तुझ्या त्या काळ्या नखांच्या हातात होता, हे मी रोज एकदा आठवते आणि मग कामाला लागते.

ताई बरी आहे. लिहायला बसते आणि उठते, म्हणून मीच लिहिते. काल रविवार होता. ती डबी घेऊन उंबऱ्यावर बसली. आपले शब्द आपणच विचारून आपणच उत्तरं देत होती, हळू आवाजात. तुझ्या शब्दापाशी आली आणि थांबली. उचलला नाही. पलंग रिकामा आहे, त्याची अजून सवय व्हायची आहे. मग तिने तुझे काळे बूट पलंगाखालून काढून पॉलिश केले, कातडं तडकू नये म्हणून.

वरचा मायना वाचून दचकला असशील. दचकू नकोस. तुला गाढव म्हणणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही, आणि ती हाक या घरातून बंद पडायला मला नको आहे.

येत्या रविवारी ये. बरोबर उत्तर पाठ करून येऊ नकोस.

आई